दोष सांगायची वेळ

डॉक्टरबाईंनी प्रत्येकाला एकच पान लिहून आणायला सांगितलं होतं. दादाने पिशवी आणली.

ताईला ती पिशवी दवाखान्याच्या जिन्यातच दिसली आणि तिचा उजवा पाय आपोआप दाबला गेला. गेली सोळा वर्षं ती लोकांना गाडी शिकवत होती. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, आपल्या पायाखालच्या जास्तीच्या ब्रेकवर पाय ठेवायचा आणि चेहरा शांत ठेवायचा, हा तिचा धंदा. घरच्या माणसांमध्ये आली की मात्र तो ब्रेक तिला कधीच सापडायचा नाही.

“काय आहे त्यात?”

“पानं,” दादा म्हणाला.

“एक पान म्हणाल्या होत्या त्या.”

“एका पानात मावणारा भाऊ असता तर एकच आणलं असतं.”

वर बाकावर आई बसली होती, शेजारी वहिनी. आईने मान जराशी कलती करून उजव्या गालात बिस्किट धरलं होतं. ती सगळं खाणं असंच निवांत, एका बाजूने खायची. पलीकडे पाण्याच्या फिल्टरपाशी धाकटा उभा होता. लहानपणी आबांनीच त्याचं नाव पारा ठेवलं होतं, कारण तो चढायला वेळ लागत नसे. आता छत्तिशी उलटली, आबांना जाऊन सहा वर्षं झाली, तरी नाव तेच आणि चढणंही तेच. आज मात्र तो कागदी पेला हातात धरून नुसता उभा होता, पाणी पीतही नव्हता.

बावीस दिवसांपूर्वी त्याने कारखान्याच्या खिडकीतून कवळीचा साचा आवळायचा पितळी शिकंजा रस्त्यावर फेकला होता. कारखाना म्हणजे राहत्या घराचा वरचा मजला. आबांनी तिथे कवळ्या बनवायला सुरुवात केली आणि नंतर दोन्ही मुलगे त्याच बाकावर बसले. त्या दिवशी पाराने पूर्ण केलेली एक कवळी दादाने चौथ्यांदा मोडली. “पुन्हा कर,” म्हणाला. शिकंजा काच फोडून गेला. खाली कोणी नव्हतं म्हणून निभावलं. पारा नऊ दिवस घरी आला नाही. दहाव्या दिवशी त्याने ताईला फोन केला, दवाखान्यातल्या याच बाकावर बसून.

“ताई, मला काहीतरी झालंय. आणि त्याला नाव आहे गं. इतकी वर्षं नाव आहे त्याला.”

तो रडत होता की हसत होता, ते ताईला अजूनही ठरवता आलेलं नव्हतं.

आज सगळ्यांना बोलावलं होतं ते त्याचे उपचार सुरू करण्याआधी घरच्यांशी बोलायला. पण दादा आला होता दुसऱ्याच कामाला. त्याला चिठ्ठी हवी होती. हा माणूस कामावर ठेवण्यालायक नाही, असं डॉक्टरांच्या सहीशिक्क्याने लिहून मिळालं की तो पाराला बाकावरून उठवणार होता, आणि बाकावरून उठवलं म्हणजे घरातूनच उठवलं. आईने काल या गोष्टीला मान हलवली होती. आज सकाळी पाराने पाया पडून “आई, मला तिथून काढू नका,” म्हटलं तेव्हाही तिने मान हलवली होती. आई जो शेवटचा बोलेल त्याची.

*

डॉक्टरबाई पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले, टेबलावर एक घड्याळ आणि एक टिशूचा डबा. त्यांनी ताईचं पान आधी घेतलं. मग वहिनीचं. दोन्ही वाचली आणि चष्मा काढला.

“तुम्ही दोघींनी आकडे घातलेत. एक ते अकरा. एक ते नऊ.”

“हो,” ताई म्हणाली.

“मी त्यांचे दोष लिहायला सांगितले नव्हते. हा माणूस कसा आहे, एवढंच लिहा म्हटलं होतं.”

ताईला कानापर्यंत गरम झालं. तिच्या पानावर पारा किती हसवतो ते नव्हतं. ती पहिल्यांदा गाडी घ्यायला निघाली तेव्हा सगळं घर नको म्हणत होतं आणि हा एकटाच तिच्यासोबत गेला होता, तेही नव्हतं. बसली, पेन उघडलं आणि हात आपोआप ‘१’ लिहून मोकळा झाला होता.

“आमच्याकडे पद्धत आहे,” ती म्हणाली. “सकाळी आठ वाजता कवळ्यांचे तयार सेट ट्रेमध्ये ठेवायचे. ज्याने केला त्याने सगळ्यांसमोर त्यातला दोष सांगायचा. मगच तो बाहेर पाठवायच्या डब्यात जातो. आबांची पद्धत.”

“आणि दोष नसला तर?”

ताई हसली. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. “असतोच. आबा म्हणायचे, दिसत नाही याचा अर्थ डोळा तयार नाही.”

“आणि चांगलं काय झालंय, ते कधी सांगायचं?”

आईने आपलं पान टेबलावर ठेवलं. ती म्हणाली, “माझं पान कोरंच आहे बाई. लिहायला बसले की सगळं चांगलंच आठवत होतं. ते लिहायचं असतं असं वाटलं नाही.”

पाराने मान खाली घातली आणि कागदी पेला चुरगळला.

*

दादाला हे बायकी बोलणं पसंत नव्हतं. त्याने खुर्ची पुढे ओढली. “डॉक्टर, सरळ विचारतो. हा आजार आहे की स्वभाव? स्वभाव असेल तर तो औषधाने जाणार नाही. आणि आजार असेल तर तो आम्ही का सोसायचा?”

“चांगला प्रश्न आहे,” डॉक्टरबाई म्हणाल्या. दादाला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला. “स्वभाव सगळ्यांना असतो. कोणी तापट, कोणी चिवट, कोणी संशयी. पण बहुतेकांचा स्वभाव प्रसंग पाहून वाकतो. तापट माणूस लहान मुलासमोर आवाज खाली आणतो. काहींचा वाकत नाही. घरी तोच, कामावर तोच, मैत्रीत तोच. विशीच्या आसपास तो साचा घट्ट होतो, आणि मग त्या माणसाला आणि त्याच्या माणसांना दोघांनाही तो बोचत राहतो. त्याला आम्ही व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणतो. वेड नाही. नाटकही नाही.”

“आणि याचा साचा कुठला?”

डॉक्टरबाईंनी पाराकडे पाहिलं. त्याने मान डोलावली, तेव्हाच त्या पुढे बोलल्या.

“त्यांच्या भावना झपाट्याने चढतात आणि सावकाश उतरतात. कोणी आपल्याला सोडून जाईल ही भीती सतत. त्यामुळे आज जो माणूस देव, तो उद्या वैरी. राग आला की हातात असेल ते फेकणं, आणि मग स्वतःचाच इतका तिरस्कार की स्वतःला इजा करावीशी वाटते.”

“इजा?” आईने विचारलं.

पाराने डाव्या बाहीचं बटण चाचपलं. उन्हाळ्यातसुद्धा तो पूर्ण बाहीचा शर्ट घालायचा. प्लास्टर उडतं म्हणून, असं सगळे समजत होते. आईने त्या बाहीकडे पाहिलं, मग पिशवीकडे, मग पुन्हा बाहीकडे, आणि तिच्या घशातून बारीकसा आवाज निघाला.

“आता नाही आई,” पारा म्हणाला. “चार महिने झाले. खरंच.”

“हे कशामुळे झालं?” ताईने विचारलं. “आमच्यामुळे?”

“एकाच कशामुळे होत नाही. काही जण जन्मतःच पातळ कातडीचे असतात. दुसऱ्याला खरचटतं तिथे यांना जखम होते. अशा मुलाला घर कसं मिळतं, हेही महत्त्वाचं. तेच घर दुसऱ्या मुलाला वेगळं घडवतं. मी कोणाला दोषी ठरवायला बोलावलेलं नाही. तुमच्याकडे ते काम आधीच रोज आठ वाजता होतं.”

वहिनीला हसू आलं आणि तिने ते पदरात लपवलं. दादाने ते पाहिलं.

“बरा होईल का?” आई.

“बरेच जण पुष्कळ सुधारतात. दर आठवड्याला इथे यायचं, वर्ष-दीड वर्ष. राग चढताना ओळखायला शिकायचं, फेकायच्या आधी थांबायला शिकायचं. सवय आहे ती, सरावाने लागते. फक्त राहायला जागा आणि हाताला काम टिकलं पाहिजे.”

ताईच्या मनात कधीपासून एक प्रश्न होता. तो विचारू नये असं वाटत असतानाच तिने विचारला. “ज्याला असं काही असतं, त्याला ते कळतं का?”

“यांना कळलं, म्हणून हे आले. सगळ्यांना कळत नाही. काहींना तर तो आपला सर्वांत मोठा गुण वाटतो. नियम, याद्या, बारकावे; काम इतकं निर्दोष हवं की ते कधी पुरंच होत नाही. दुसऱ्याच्या हातात द्यायचं नाही, कारण दुसरा बिघडवणार. त्यांना स्वतःला फारसा त्रास नसतो. त्रास शेजारच्याला असतो...”

बोलता बोलता त्यांचं लक्ष समोरच्या चेहऱ्यांकडे गेलं. सगळे एकाच ठिकाणी पाहत होते, दादाच्या पायाशी ठेवलेल्या पिशवीकडे.

“मी एक उदाहरण दिलं,” त्या चटकन म्हणाल्या. “इथे माझे पेशंट हे एकच आहेत.”

“तेच मी म्हणतोय,” दादाने पिशवी टेबलावर ठेवली. वह्या होत्या. सात. “तारीखवार आहे सगळं. एकोणीस वर्षांचं. प्रत्येक सेट, प्रत्येक चूक. मला गोष्टी नकोत, चिठ्ठी द्या. या माणसाच्या हातचं काम बाहेर पाठवण्यासारखं नाही, एवढंच लिहा.”

*

वहिनी लग्न होऊन या घरात आली त्याला तेवीस वर्षं झाली. त्यातली बावीस ती कारखान्याचा फोन उचलत होती. दातांच्या डॉक्टरांचे फोन, त्यांच्या पेशंटांचे फोन. सेट तयार आहे का? उद्या. परवा. सोमवारी नक्की. एक वकील चार महिने दातांशिवाय कोर्टात उभे राहत होते आणि हल्ली फोनऐवजी नोटिशीच्या भाषेत पत्रं पाठवत होते. खोटं बोलून बोलून तिच्या जिभेला घट्टे पडले होते. नवऱ्यासमोर ती मूग गिळून बसायची, कारण त्याच्याशी वाद घालणं म्हणजे त्याच्या वहीत जाणं.

तिने आधी हात वर केला, शाळेत करतात तसा. मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने तो खाली घेतला.

“अहो,” ती म्हणाली, “त्याचं काम बाहेर जातं.”

“काय?”

“गेल्या आठ महिन्यांत तुमच्या हातून एकही सेट पुरा झालेला नाही. एकही. तुम्ही करता, मोडता, करता, मोडता. तुम्ही जेवायला खाली गेलात की मी पाराभाऊजींचे सेट डब्यात घालून पाठवते, आणि मोडीत टाकले म्हणून सांगते. एकतीस गेले. एकही परत आला नाही.”

दादाच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. “माझ्या नजरेखालून न जाता?”

“तुमच्या नजरेखालून गेले असते तर लोक अजून पेज पीत बसले असते!”

तिचा आवाज एवढा मोठा निघतो हे तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. पारा तिच्याकडे टक लावून पाहत होता. त्यालाही माहीत नव्हतं. आपले सेट मोडून टाकतात, असंच तो आठ महिने समजत होता.

“वहिनी,” तो उठला, “तुम्हाला माहीत होतं? माझं काम चालतंय हे तुम्हाला माहीत होतं, आणि मी रोज... तुम्ही मला एका शब्दाने—” आवाज चढत गेला. कपाळावरची शीर फुगली. दादा खुर्चीत मागे सरकला. त्याच्या डोळ्यांत भीती होती आणि भीतीच्या मागे एक समाधानही होतं, बघा, बघा आता. टेबलावरचं घड्याळ पाराच्या हाताशी होतं. त्याचा हात त्यावर गेला.

ताईचा पाय जमिनीवर घट्ट दाबला गेला.

पाराने घड्याळ उचललं. डोळे मिटले. ओठ हलत होते. तो आकडे मोजत होता. मग घड्याळ त्याने होतं तिथे, होतं तसं ठेवलं आणि दोन्ही हात काखेत घालून बसला.

“घाम फुटलाय मला,” तो म्हणाला. “पण ठेवलं.”

“ठेवलंत,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “फार छान.”

आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्याला असं म्हटलं होतं. तो बसल्या जागी ढसाढसा रडायला लागला.

या गडबडीत पिशवी लवंडली आणि आणखी एक वही खाली पडली. तपकिरी पुठ्ठ्याची, जुनी, मागे पुन्हा पुन्हा पानं शिवून इतरांपेक्षा कितीतरी जाड झालेली. ताईने ती उचलली. पहिल्याच पानावर आबांचं टोकदार अक्षर होतं: ‘रोज पाच. स्वतःचे. निजण्यापूर्वी मला दाखवणे.’ खाली लहान मुलाचं गोल अक्षर. ‘१. मी हळू चालतो. २. माझा ३ वाकडा येतो. ३. मी आईला हाक मारली.’ ताईने पुढचं पान उलटलं, मग शेवटचं. शेवटच्या पानावर दादाचं आताचं अक्षर आणि कालची तारीख होती.

“दादा,” ती म्हणाली, “तू नऊ वर्षांचा होतास रे.”

“ती आण इकडे. ती यातली नाही. चुकून आली.” त्याने वही तिच्या हातून हिसकावली, कोटाच्या आत घातली आणि चिठ्ठी न घेताच खोलीतून निघून गेला.

*

बाकीचे घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दादा वरच्या मजल्यावर बाकाशी बसला होता. फुटलेल्या खिडकीला पुठ्ठा लावला होता, म्हणून त्याने दिवसाउजेडी दिवा लावला होता. हातात कानस, समोर वकिलांचा सेट. पांढरी भुकटी त्याच्या बाहीवर साचत होती.

दादाला त्यांची पावलं ऐकू आली. तो वळला नाही. ते चौघं एका बाजूला झाले होते, हे त्याला कळत होतं. त्याच्या छातीशी ती वही अजून होती. आपण आजारी आहोत असं त्याला वाटत नव्हतं. आपण थांबलो तर सगळं वाकडं होईल, एवढंच त्याला वाटत होतं, आणि ते त्याला नवव्या वर्षापासून वाटत होतं.

“याची खालची कड अजून दोन केस उंच आहे,” तो कोणाला तरी म्हणाला. “पारा उद्यापासून वर येणार नाही. मी ठरवलंय. चिठ्ठी असो नसो.”

“दादा, ऐक तरी...” ताईने सुरुवात केली.

आई तिला बाजूला करून पुढे आली. बाकाच्या टोकाला तो आठ वाजताचा ट्रे होता, पत्र्याचा, कडा गुळगुळीत झालेल्या. आईने तोंडात दोन बोटं घातली, खालची कवळी काढली, मग वरची, आणि दोन्ही ट्रेमध्ये ठेवल्या. तिचे गाल आत गेले. मुलांनी तिला असं कधी पाहिलं नव्हतं. ती त्यांच्यासमोर कधीच कवळी काढत नसे.

“माझा दोष सांगायचा राहिला,” ती म्हणाली. शब्द ओठांतून घसरत होते, पण ती सावकाश बोलली. “ही ह्यांनी केलेली. डाव्या बाजूला लागते.”

“कधीपासून?” दादाने कानस खाली ठेवली.

“केली त्या दिवसापासून.”

“आई, एकोणीस वर्षं झाली!”

“तुम्ही सगळे रोज सकाळी इथे उभे राहून आपापल्या चुका सांगायचात. मी खालून ऐकत असायचे. ह्यांची चूक ह्यांना कोणी सांगायची? तुझी ती वही रोज माझ्यासमोरच तपासायचे. तेव्हाही गप्प बसले मी.” तिने दादाच्या छातीशी, कोटावरून, वहीवर हात ठेवला. “तू मला हाक मारलीस, ती तुझी चूक नव्हती रे. मी उठून आले नाही, ती माझी.”

वहिनीने तोंडावर पदर दाबला होता.

दादाने ट्रेमधली खालची कवळी उचलली. आबांचं काम. हे काम डोळ्यांसमोर ठेवून तो शिकला होता. याच्यात दोष नाही हे एकच त्याला आयुष्यात पक्कं माहीत होतं. त्याने ती दिव्याखाली धरली, फिरवली, कडेवरून अंगठा फिरवला. त्याला काही दिसलं नाही.

“तोंड उघड, आई.”

तिने उघडलं. डाव्या हिरडीवर, मागच्या बाजूला, कवडीएवढा एक कडक पांढरा घट्टा होता. वर्षानुवर्षं घासून मांस तिथे कातड्यासारखं झालं होतं. रोज जेवताना आई त्याच्यासमोर मान कलती करून बसायची. त्याने जगातल्या प्रत्येकाची चूक लिहिली होती, आणि हे त्याला दिसलं नव्हतं.

त्याने कवळी मुठीत आवळली. ताईला वाटलं, तो आता कवळी फोडणार. त्याने ती फक्त ट्रेमध्ये परत ठेवली, फार हळू.

“नवीन हवी मला,” आई म्हणाली. “पारा करेल. आणि ती तू तपासायची नाहीस.”

“आई...”

“तपासायची नाहीस. मी तपासेन. मला लागली तर मी ओरडेन. आता येतं मला.”

पारा दारातच उभा होता, हात अजून काखेत. दादा त्याच्याकडे न बघता उठला. बाकाशी असलेली आपली खुर्ची त्याने मागे ओढली आणि भिंतीशी जाऊन उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. शेवटी त्याने प्लास्टरचा डबा खाली उतरवला, वाडगा घेतला आणि पाणी मोजायला लागला.

“माप तू घेतोस ना?” तो म्हणाला. “बस मग. मी कालवून देतो.”

त्याने पाणी थोडं जास्त ओतलं. त्याच्या लक्षात आलं, सगळ्यांच्याच आलं. त्याने ते तसंच राहू दिलं.